जाधवबाईंचा दोर आणि फुलांची मोटार

जाधवबाईंना मी प्रथम पाहिलं ते अंबरनाथ पूर्वेला, शेअर रिक्षात बसल्या बसल्या. समोर एक लांब दोर धरून चाललेली शाळकरी मुलं आणि सर्वांत पुढे साडीखाली पांढरे बूट घातलेल्या बाई. आमच्या रिक्षावाल्याने कर्कश हॉर्न मारला. बाईंनी हात वर केला, रांग थांबली आणि सगळी मुलं एका सुरात ओरडली, "नमस्ते, काका!" रिक्षावाला हादरलाच. "बाप रे! सुबह सुबह मेरेको नमस्ते?" म्हणत त्याने इंजिनच बंद केलं. हॉर्नला असं उत्तर देणं हा बाईंचाच शोध.

निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला निघतात. बाई पुन्हा शाळेकडेच निघाल्या. निमित्त भयंकर होतं. मुलांना सोडायला आलेल्या गाड्यांच्या गर्दीत एका मुलीच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं. गाडी कुणाची? दुसऱ्या एका पालकाची, आणि त्यांचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत! बाईंनी दोर आणला. घरोघरी जाऊन मुलांना चालत पाठवायला पालकांना पटवलं, शाळेची गल्ली सकाळी गाड्यांना बंद करून घेतली.

माझी इरा रस्त्याला फार घाबरायची. बाईंनी तिच्या हाती दोराचं शेवटचं टोक दिलं. "तू गार्ड. तू हात केल्याशिवाय आमची गाडी हलणार नाही." आता घरात मीसुद्धा तिच्या परवानगीशिवाय हलत नाही.

अशा बाईंच्या अमृतमहोत्सवासाठी आमच्या गौरव समितीने काय ठरवावं? फुलांनी सजवलेल्या उघड्या मोटारीतून मिरवणूक! आणि पाहुण्यांच्या गाड्या लावायला तीच गल्ली, ऐन शाळेच्या वेळी.

"अहो, मग मुलं कुठून जाणार?" बाईंनी विचारलं.

"एकच दिवस तर आहे, बाई," अध्यक्ष म्हणाले. "करतील ॲडजस्ट."

"पायावरून चाक जायला अख्खा दिवस लागत नाही हो. असं करा, मोटारीचाच सत्कार करा. शाल बॉनेटवर घाला. मी मुलांना सोडून येते."

मिरवणूक रद्द झाली. समारंभ आता शाळा भरल्यावर होईल आणि पाहुण्यांनी स्टेशनपासून चालत यायचं आहे. दोघांनी आताच प्रकृती बरी नसल्याचं कळवलंय.

बाईंना शंभरी ओलांडणारं, ठणठणीत गुडघ्यांचं आयुष्य लाभो. आमचे गुडघे तोवर टिकले, तर आम्हीही मागोमाग येऊच.