ओळींशेजारची नावे

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी प्रोग्राम लिहायला शिकले. त्याआधी लातूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवीत होते. कायम पद निघेल निघेल म्हणता तिथला तो विषयच बंद झाला. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका लहानशा कंपनीने मला सहा महिने पाहून मग ठरवू, या बोलीवर घेतले. माझ्याबरोबर शिरूर अनंतपाळचा एक तरुणही रुजू झाला होता. दोघांपैकी एकालाच ठेवणार, हे मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितले. "वाईट वाटून घेऊ नका मॅडम, आधी सांगितलेलं बरं." मला ती नोकरी हवी होती. आणखी कुणापुढे नवशिकी म्हणून उभे राहण्याचे धैर्य माझ्यात उरले नव्हते.

कंपनीचे निम्मे लोक नांदेडला बसत. कोड एकच, पण मांडण्याच्या तऱ्हा दोन. ओळ आत सरकवायला आम्ही लातूरकर आरंभी टॅबचे बटण दाबत असू, नांदेडकर चार वेळा स्पेसचे. आमचा कंस नव्या ओळीवर उघडे, त्यांचा आधीच्या ओळीच्या टोकाला. फाइल ज्याच्याकडे जाई त्याचा एडिटर, म्हणजे कोड लिहिण्याचा प्रोग्राम, ती आपल्या पद्धतीने मांडून ठेवी. त्यामुळे कुणी एक शब्द बदलला तरी सगळी फाइल बदललेली दिसे आणि खरा बदल कोणता, हे शोधता येत नसे. त्या गर्दीतून एक चूक तशीच पुढे गेली आणि एका रुग्णालयात, घरी सोडलेले रुग्ण पडद्यावर पुन्हा दाखल दिसू लागले. मालकांनी सर्वांना नांदेडला बोलावले.

"लातूरचा कोड उघडला की वाटतं, यायनं नांगर फिरवून ठेवलाय," नांदेडचा प्रमुख म्हणाला. तो मुखेडचा, बोलायला मोकळा.

"आन् तुमचा? स्पेस मारू मारू बटन झिजलं असंल की ओ!" आमचा तरुण म्हणाला.

सगळे हसले, मग आवाज चढले. टॅब सोडणे म्हणजे गाव सोडणे, असा काहीसा आविर्भाव दोन्हीकडे आला. मी त्या विषयावर आठवडाभर वाचून गेले होते, तरी मालकांनी विचारल्यावरच बोलले. मी म्हणाले, "पद्धत कोणतीही घ्या. मांडणी करून देणारे साधन असते, त्याने सगळा कोड एकदाच सारखा करावा. मात्र तो बदल..."

"ताई बोलल्या ते बरोबर हाय," प्रमुख म्हणाला. "चार स्पेस, कंस टोकाला. आत्ताच फिरवतो."

मात्र तो बदल ओळींच्या इतिहासात धरला जाऊ नये अशी सोय करता येते, हे मला सांगायचे होते. कोणती ओळ शेवटी कुणी बदलली, ते संगणक त्या ओळीशेजारी नावानिशी दाखवतो. पण चहा आला, सगळे उठले आणि कुणाला थांबवून वाक्य पुरे करणे मला जमले नाही.

नियम चांगले ठरले, हे नाकारता येणार नाही. चुका दिसू लागल्या, भांडणे मिटली. फक्त साधन त्याने फिरवल्यामुळे आता प्रत्येक ओळीशेजारी नांदेडच्या प्रमुखाचे नाव होते.

मुदत संपली तेव्हा मालकांनी आम्हा दोघांना समोर बसवले आणि रुग्णाला घरी सोडल्याची नोंद करणारा कोडचा भाग उघडला. तो मी लिहिला होता. "मॅडम, तुमचं नाव कुठंच दिसंना."

मी मांडणीपूर्वीचा इतिहास उघडून दाखवला. तिथेही माझे नाव नव्हते. शेजारी बसलेल्या तरुणाचे होते. क्षणभर मलाही उलगडा झाला नाही. आमच्या कार्यालयात इन्व्हर्टरवर एकच मशीन चाले. वीज गेली की जो तो अर्धवट काम तिथे नेऊन पुरे करी, आणि मशीनवर नोंदलेले नाव बदलत बसण्याची पद्धत नव्हती. ते मशीन त्याच्या टेबलावरचे होते. तो भाग मी उन्हाळ्यात लिहिला होता आणि त्या दिवसांत वीज दुपारभर नसे.

"सर, हे मॅडमनीच लिवलंय," तो म्हणाला. "मशीन तेवढी माझी. मला तर त्यातलं अर्धं समजत बी न्हाई."

मालकांनी मला कोडचा अर्थ सांगायला लावला. मी सांगितला, कुठे चुकले नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"तुमचंच हाय, शंका न्हाई," ते म्हणाले, आणि पडद्याकडेच पाहत राहिले. "पण त्याचं वय बघा ना मॅडम. तो शिकंल, वीस वर्षं कामाला येईल. तुम्ही समजून घ्या."

मी समजून घेतले. नाव दिसले नाही, एवढ्यावर मला घरी पाठवणे त्यांना सोपे गेले असते. आम्ही दोघांनी मिळून त्यांची ती सोय काढून घेतली. निकाल बदलला नाही.

जाण्यापूर्वी माझा भाग त्या तरुणाला शिकवावा, अशी विनंती झाली. तो मान खाली घालून शेजारी बसे आणि न समजलेलेही समजले म्हणे. मग मी ते पुन्हा सांगे. पुढे काही आठवडे त्याचे फोन येत. "मॅडम, लई त्रास द्यायलोय," अशी सुरुवात करून तो अडलेली ओळ वाचून दाखवी. मी हातातले काम सोडून उत्तर देई, आणि फोन ठेवल्यावर दुसऱ्या फोनची वाट पाही. हळूहळू ते थांबले. तो शिकला असेल, किंवा त्याने तो भाग काढून आपल्याला समजेल असा नव्याने लिहिला असेल. विचारण्यासाठी मी अनेकदा नंबर काढला, लावला नाही.