लग्नातलं घड्याळ

जुनी चावीची घड्याळं जमवायचा नाद मला पन्नाशीत लागला. घरात त्याला खूळ म्हणतात. भोरमध्ये मात्र लोक मला घड्याळवाले काका म्हणून ओळखतात, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं. कुणी रस्त्यात थांबवून मनगट पुढे केलं की मी खिशातून भिंग काढतो. भाजी आणायला जातानाही ते बरोबर असतं. बायको म्हणते, कुणाच्या मयताला जाल तेव्हा तेवढं घरी ठेवा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत टेम्पोनं सिमेंट टाकायला येणाऱ्या ड्रायव्हरनं मला मोबाईलवर एक फोटो पाठवला. "माझ्या लग्नातलं हाय काका. अजून चालतंय. बगा, काय येतंय का त्याचं." फोटो मोठा करून पाहिला आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. सायीच्या रंगाची तबकडी, निळसर काटे, आणि वर त्या परदेशी कंपनीचं नाव, जिचं घड्याळ मी कित्येक वर्षं शोधत होतो. मी साळसूदपणे कळवलं, "बघू, तिकडे आलो तर येईन." आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडीला किक मारली. माल ओळखायचा, पण चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, म्हणजे स्वस्तात पडतो. ही माझी हुशारी.

नसरापूरवरून वेल्ह्याकडे वळलो आणि वेल्ह्याच्याही वर, शेवटचा चढ गाडी ढकलत चढवून त्याच्या वस्तीवर पोचलो. शेळ्या-मेंढ्या पाळणारं घर. अंगणात करडं उड्या मारत होती. ड्रायव्हर लगबगीनं पुढे आला. ओसरीवर त्याची आई तांदूळ निवडत होती, बायको आतल्या दाराशी उभी होती. खाटेवर पांढऱ्या पटक्याचे, खांद्यावर टॉवेल टाकलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. "ह्ये आमचं पावणं. भोंगवलीचं," एवढीच त्यानं ओळख करून दिली. मी रामराम घातला आणि त्यांना विसरून गेलो. मला घड्याळ हवं होतं.

त्यानं ते रुमालाच्या घडीतून काढून माझ्या हातात ठेवलं. हातात घेताक्षणी मन खट्टू झालं. वजनाला हलकं. पट्टा अडकवायच्या कानांपाशी मुलामा उडून पिवळं पितळ दिसत होतं. भिंग लावलं तर तबकडी रंगवलेली, कंपनीच्या नावाची अक्षरं कडेला फिसकटलेली. सेकंदाचा काटा भलत्याच घड्याळाचा. मागचं झाकण उघडलं, तर आत मशीन कुठल्या तरी साध्या देशी घड्याळाचं. सगळं जोडकाम.

तेवढ्यात ते म्हातारे गृहस्थ खाटेवरून उठून माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या हातावर पसरला आणि तो हात माझ्यापुढे केला. "हितं सांगा," ते हळूच म्हणाले.

मला ती रीत ठाऊक नव्हती असं नाही. माझे वडील बैलांच्या बाजारात असेच कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायचे. चारचौघांत भाव फुटत नाही, आणि जनावर कितीही पडेल असलं तरी धन्याची शोभा होत नाही. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं. पण त्या क्षणी माझं डोकं फिरलेलं होतं. एवढा चढ चढून आलो तो या डबड्यासाठी? मी त्यांचा हात चक्क बाजूला सारला.

"यात काय झाकायचं, बाबा?" मी मोठ्यानं म्हणालो. "हे घड्याळच नाही. याची तबकडी खोटी, मशीन दुसऱ्याचं, काटा तिसऱ्याचा. ज्यानं कुणी हे दिलं त्यानं तुम्हाला सरळ गंडवलंय. याचे कुणी चहापुरतेसुद्धा पैसे देणार नाही."

आणि मग, काय सांगू, मी भिंग पुसत त्यांना अजून समजावलं. मुलामा कसा ओळखायचा, अक्षरं कशी पाहायची. शाळेत शिकवल्यासारखं. मला वाटलं, माझ्या ज्ञानानं सगळे गार झाले.

सुपातले तांदूळ हलवायचे थांबले होते. ड्रायव्हरची आई दाराकडे मान वळवून सुनेला म्हणाली, "आयकलंस का गं? इलायती हाय, इलायती हाय म्हनून सारी वरात बगत हुती तुज्या बापानं दिल्यालं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे नवऱ्या मुलाच्या हातात लग्नातलं घड्याळ म्हणजे ते सासऱ्यानंच बांधलेलं. हे कुणाला विचारावं लागत नाही. माझ्याही हातात माझ्या सासऱ्यांनी बांधलं होतं. ड्रायव्हरनं पहिल्याच वाक्यात मला सांगितलं होतं, लग्नातलं आहे म्हणून. आणि भोंगवलीचे पावणे माझ्या गुडघ्याशी टॉवेल धरून बसलेले. मी तबकडीवरचा ठिपका न् ठिपका पाहिला, आणि माणसं पाहिली नाहीत.

त्यांनी टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला. लेकीकडे पाहिलं नाही. तिच्या सासूबाईंना एवढंच म्हणाले, "म्या पुन्यातनं आनलं व्हतं. नवं सोडून जुनं घेतलं, भारी असतं म्हनून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं मी म्हणालो, "अहो, अशी घड्याळं त्या वेळी दुकानदारसुद्धा ओळखत नव्हते. मीसुद्धा फसलो असतो." हे अगदी खरं होतं. सुरुवातीला मी अशी कितीतरी रंगवलेली घड्याळं मिरवत घरी आणली आहेत. पण ते इतकं उशिरा आणि इतक्या गोड आवाजात बोललो की माझ्याच कानाला ते खोटं वाटलं.

"तुमी कशाला फसताय," म्हातारे म्हणाले आणि वहाणा शोधू लागले.

"बसा मामा, आसं काय करताय," म्हणत जावई आडवा आला. त्यानं ते घड्याळ सगळ्यांसमोर मनगटावर चढवलं. सासरे त्याच्या खांद्यावर थोपटून खाली उतरले. लेक अंगणाच्या टोकापर्यंत मागे धावली. "आप्पा, जेवून तरी जावा. तुमच्यासाठी कोंबडी केलीया."

"यष्टी चुकंल," त्यांनी मागे न बघता सांगितलं.

मीही उठलो. त्यांना गाडीवर सोडतो म्हणावं असं मनात आलं, पण त्या पाठीमागून हाक मारायची माझी हिंमत झाली नाही. लेक परत आली, पदरानं डोळे पुसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी कुठं निघाला? जेवनाच्या वक्ताला आल्यालं मानूस आमी उपाशी न्हाई धाडत."

नको म्हणून चाललं नाही. तिनं दोन ताटं आणली. एक नवऱ्यापुढे, एक माझ्यापुढे. बापासाठी वाढायला घेतलेलं ताट होतं ते. रश्श्यात चांगले तुकडे निवडून घातलेले, वर भरपूर कांदा, लिंबाची फोड. सासूबाई पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या होत्या. ड्रायव्हर खाली मान घालून भाकरी मोडत होता, आणि त्याच्या मनगटावर ते घड्याळ होतं.

मी घास गिळत राहिलो. तिनं विचारलं, "भाकरी वाढू?" आणि नाही म्हणायचं तोंड नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो.