कान लावणारा फिटर

दिग्रसच्या जिनिंगमध्ये आमची कापसाची गाडी रांगेत असताना मशीन खडखडू लागलं. म्हातारा फिटर आला. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून त्याने डोळे मिटले.

"हेल्परच्या मजुरीत कर," शेठ म्हणाला. "नुसता कानच तं लावतं तू!"

"मंग तुमीच लावा न, शेठ. कान तं तुमालेबी हायेत."

शेठने खरंच कान लावला; त्याला नुसती खडखडच ऐकू आली. हमाल खो खो हसले. दुसरं कुणाला बोलवावं, तर गावातले बाकीचे फिटर केव्हाच पुण्याच्या कारखान्यांत गेले होते.

"घ्या फिटरची मजुरी, चाचा," शेठ शेवटी म्हणाला.

चाचांनी एकच नट कसला. खडखड थांबली.

हक्काची मजुरी मागायला आवाज चढवावाच लागतो, असं मी समजत होतो. चाचांनी तर मशीनचाही आवाज उतरवला.