विहीणबाई, येळवस आणि दोन पट्ट्यांचं झुरळ

मी जन्मभर झुरळांच्या जिवावर पोट भरलं. यात लाजायचं काही कारण नाही. लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचो आणि तेव्हा प्रात्यक्षिकाला झुरळाचं विच्छेदन असायचं. मेणाच्या ट्रेमध्ये झुरळ पालथं टाचायचं, पाठीवरची कवचं एकेक करून उचलायची आणि आतलं तेरा कप्प्यांचं हृदय पोरांना दाखवायचं. पोरं नाक धरून बघायची, पोरी न धरता बघायच्या. पुढं विच्छेदन बंद झालं, प्लॅस्टिकची मॉडेलं आली आणि मीही निवृत्त झालो. पण ज्यांना मी एवढी वर्षं कापत आलो, त्यांनी माझ्याच घरात बिऱ्हाड थाटलं होतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बायको हे दिवसातून दोनदा बोलून दाखवायची. एकदा मी तिला कौतुकानं सांगितलं, की झुरळाचं मुंडकं छाटलं तरी ते आठवडाभर जगतं, कारण ते नाकानं श्वास घेतच नाही, अंगाच्या कडेला बारीक भोकं असतात त्यातून घेतं, आणि चालायफिरायला त्याला डोक्याची फारशी गरज लागत नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माहीत हाय मला. तीस वर्षं बघून राहिले की असलंच एक."

हे चालायचंच. खरी पंचाईत दिवाळीत झाली. आमच्या एकुलत्या एक लेकीला नांदेडला दिलंय. जावई पुण्याला नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी येतात. लेक तिथल्याच शाळेत शिकवते आणि सासूजवळ राहते. तिला दिवस गेले होते. दिवाळीला तिला घेऊन विहीणबाई आमच्याकडं आल्या. फराळाची ताटली बायकोनं त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सोफ्यामागून एक चांगलं अंगठ्याएवढं तांबूस झुरळ आलं, शांतपणे चिवड्यावर चढलं, मिशा हलवून त्यानं चारी बाजूंना बघितलं आणि शंकरपाळ्यांकडं निघून गेलं. विहीणबाईंनी ताटली खाली ठेवली. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या नांदेडला गेल्यावर, फोनवर.

"पहिलटकरीण हाय. अन् तिथं झुरळं ताटात फिरून राहिलीत. बाळाच्या कानात गेलं म्हणजे? बाळंतपण हितंच होऊ द्या."

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यात चर्चा नसते. बायकोनं तर सातव्या महिन्याच्या आधीच डिंक आणून ठेवला होता, जुनी मऊ लुगडी धुऊन त्यांची दुपटी शिवली होती. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. ती भांडी सकाळीच घासलेली होती. मी आत गेलो तर म्हणाली, "एकच लेक हाय आपल्याला. अन् एका झुरळापायी ती येणार न्हाई." तिला वाईट वाटलं होतं, आणि मला त्याहून जास्त शरम वाटली. जीवशास्त्राच्या मास्तराच्या घरातून झुरळानं लेकीचं माहेरपण पळवलं होतं.

मग लेकीनंच मधला मार्ग काढला. येळवसला सगळे आमच्या शेतावर येतील, आदल्या दिवशी लातूरच्या घरी मुक्काम करतील, सासूबाई घर डोळ्यांनी बघतील आणि मगच काय ते ठरेल. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागातलं निम्म्याहून अधिक माणूस शेतात जेवायला असतं आणि लातूरच्या बाजारात चहासुद्धा मिळत नाही. आमचं थोडं रान किल्लारीच्या अंगाला आहे. माझ्या हातात महिना-सव्वा महिना होता.

मी कामाला लागलो. आधी शत्रू ओळखावा लागतो. घरातली झुरळं दोन जातींची. एक ते मोठं, तांबूस, मानेवरच्या ढालीला पिवळसर कड असलेलं. ते गटारातून, मोरीतून वर येतं. दुसरं जर्मन. ते लहान, फिकट, मानेमागं दोन काळे पट्टे. ते गटारात राहत नाही, त्याला ऊबदार स्वयंपाकघर लागतं, मिक्सरमागं, फ्रिजच्या मोटारीशी. मोठी मादी अंड्यांची पेटी एक-दोन दिवसांत कुठंतरी चिकटवून मोकळी होते. जर्मन मादी मात्र पिल्लं निघायच्या बेतापर्यंत पेटी अंगावर बाळगते. म्हणून ती एकटी जरी खोक्यातून, पिशवीतून घरात आली तरी अख्खं खानदान घेऊन येते.

आमच्याकडं फक्त मोठी होती. एकसुद्धा पट्ट्यांचं नव्हतं. ही गोष्ट मी बायकोला अभिमानानं सांगितली. ती म्हणाली, "मग काय, हार घालू का त्यांना?"

ती कशावर जगतात हे मला मोरीत उकिडवं बसल्यावर कळलं. लातूरला नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं आमच्याकडं पाणी साठवायला काही म्हणून सोडलेलं नसतं. ड्रम, हंडे, घागरी, रंगाच्या रिकाम्या बादल्या. त्या सगळ्यांच्या बुडाखाली कायम ओल. झुरळ अन्नावाचून महिना काढेल, पाण्यावाचून काढत नाही. लातूरकर काढतो. मी सगळे ड्रम विटांवर चढवले, खालची फरशी रोज कोरडी पुसायचा नेम केला, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली, ओट्यामागच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवल्या. दुकानातून झुरळं मारायचं जेल आणलं आणि बिजागऱ्यांच्या आत, नळाच्या मागं, मोहरीएवढे ठिपके लावले.

दुसऱ्या दिवशी सगळे ठिपके गायब. मला वाटलं, काय भूक आहे! मग कळलं, बायकोनं ओल्या फडक्यानं पुसून काढले होते. "तुम्हीच तर म्हणले, स्वच्छता ठेव." मी पुन्हा लावले. तिनं पुन्हा पुसले, या खेपेला सवयीनं. तिसऱ्यांदा मी प्रत्येक ठिपक्याजवळ पेन्सिलीनं बाण काढला. प्रात्यक्षिकाच्या वहीत काढायचो तसाच, बाजूला नाव लिहून.

मग तिनं फवारा मारला. तिचा जेलवर विश्वासच नव्हता. झुरळ डोळ्यांदेखत उताणं पडून पाय झाडल्याशिवाय मेलं असं ती मानत नाही. मी बाहेर गेलो होतो ते बघून तिनं अख्खा डबा मोरीत रिकामा केला. दहाबारा मेली, आणि बाकीची पन्नासेक दिवाणखान्यात आली. मी परत आलो तेव्हा ती सोफ्यावर उभी होती, हातात झाडू. मी खालूनच समजावून सांगितलं. फवाऱ्याच्या वासानं ती पांगतात आणि वास बसलेलं जेल मग तोंडातही घेत नाहीत. जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, बिळात जाऊन मरतं. त्याला बाकीची खातात, मग तीही मरतात.

"मेलेल्याला खातात?"

"हो."

"म्हणजे मयताचंच तेरावं, अन् मयताचंच जेवण," ती म्हणाली आणि सोफ्यावरून उतरली. का कोण जाणे, हे तिला पटलं. त्यानंतर तिनं फवाऱ्याला हात लावला नाही. उलट बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून ती स्वतःच गोळ्या वळायला बसली. इतक्या एकसारख्या सुबक गोळ्या, की मला भीती वाटली. मी डब्यावर लाल शाईनं 'विष' लिहिलं आणि गोळ्या माणसाचा हात जाणार नाही अशा फटींत सरकवल्या.

आठ दिवसांनी मेलेली झुरळं सापडू लागली. पंधरा दिवसांनी तीही सापडेनात. येळवसच्या आठवड्यात मी पहाटे उठून अचानक दिवा लावून बघायचो, काही नाही. खरं सांगतो, थोडं सुनंसुनंही वाटलं.

येळवसच्या आदल्या दिवशी दुपारी लेक आणि विहीणबाई आल्या. विहीणबाईंच्या हातात किराण्याचं एक खोकं होतं, शेंगदाण्याच्या पोळ्यांचं. बायको घ्यायला गेली तर म्हणाल्या, "राहू द्या, उद्या शेतातच उघडू." खोकं त्यांच्या पलंगाशी राहिलं. मग त्यांनी घर बघितलं. पाणी प्यायच्या निमित्तानं ओटा, हात धुवायच्या निमित्तानं मोरी. सिलिंडरमागं वाकून काय शोधत होत्या ते मी विचारलं नाही. पेन्सिलीचे बाण बघून एकदा माझ्याकडं बघितलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "घर चांगलं हाय." लेकीबद्दल अवाक्षर नाही.

सकाळी जीपनं शेतावर गेलो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी केली होती, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडले होते. बायकोनं पूजा केली, आंबिलीनं भरलेलं मातीचं बिंदगं उतरवलं, शेंगाभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे वाढायला घेतले. शेजारच्या रानातल्या चार बायाही येऊन बसल्या. विहीणबाईंनी खोकं पुढ्यात ओढलं, वरचं फडकं काढलं, आणि पोळ्यांच्या थरावरून एक झुरळ टुणकन पांढऱ्या चादरीवर उतरलं.

सगळ्या बघत राहिल्या. विहीणबाई लालबुंद झाल्या आणि पहिल्यांदा तोंडात आलं ते बोलून गेल्या. "बघा! एक रात्र तुमच्या घरात काय राहिलं खोकं!"

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. चारचौघींत, पांडवांपुढं. तिचे डोळे भरून आले. महिनाभर तिनं फरशी पुसली होती.

माझा हात जुन्या सवयीनं पुढं गेला होता. झुरळावर मी पेला उपडा घातला आणि वाकून बघितलं. लहान, फिकट. मानेमागं दोन काळे पट्टे. मागं अंड्यांची पेटी लोंबत होती. जर्मन मादी, पूर्ण दिवसांची. आमच्या घरात ही जात कधी नव्हतीच. नांदेडहून आली होती, खोक्याच्या घडीत बसून.

माझ्या तोंडाशी सगळा धडा आला होता. एका वाक्यात बायकोची अब्रू वाचली असती. पण चार बायांदेखत विहीणबाईंची गेली असती, आणि मग लेक कसली येते! मी वर बघितलं. लेक माझ्याकडंच बघत होती. बारावीला माझ्याच वर्गात होती ती. पट्टे तिलाही दिसले होते.

मी घसा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा चुकीचं जीवशास्त्र शिकवलं. "हे रानातलं झुरळ आहे. कडब्यात राहतं. याचा घराशी काही संबंध नाही. ही जात घरात जगतच नाही."

लेकीनं पदर तोंडाला लावला.

"घरात जगत न्हाई?" विहीणबाई पेल्यावर वाकल्या. "कोण म्हणतं? माझ्या मिक्सरमागं हीच तर हायत, शेकड्यानं! चार महिने झाले मारून राहिले..."

आणि थांबल्या.

लांब कुणाच्या तरी शेतात पोरं ओरडत होती. मग बायकोला हसू फुटलं. तिनं दाबायचा प्रयत्न केला, तो जास्तच वाईट दिसला. लेक हसली, शेजारच्या बाया हसल्या. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोळ्यांवरचं फडकं परत नीट केलं, चारी टोकं दाबली.

"झुरळाचं काय न्हाई, सर," त्या म्हणाल्या. "झुरळ कुणाच्या घरात न्हाई? पोरगा पुण्याला. ही हाय म्हणून सांजच्याला दोन भाकरी टाकावं वाटतं. ही तीन-चार महिने गेली की मी एकटीच. म्हणून नाव केलं झुरळाचं." मग बायकोकडं न बघता म्हणाल्या, "घेऊन जावा. आजच ठेवून घ्या तिला. पहिलं माहेरीच व्हावं."

ज्या एका वाक्यासाठी बायको महिनाभर झिजली होती ते हे. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर लेकीला पोटाशी धरेल. ती दोन्ही न करता विहीणबाईंसमोर जाऊन बसली.

"ताई, मग तुम्ही बी चला की," ती म्हणाली. "मला तरी कुठं न्हाणं-शेकणं एकटीला जमतंय? जावईबापू बी हिकडंच येतील. घराला कुलूप लावा अन् या."

विहीणबाईंनी फडक्याचं एक टोक उगाच पुन्हा दाबलं.

"हे जाऊन बारा वर्षं झाली," शेवटी त्या म्हणाल्या. "तवापासून घराला कुलूप लागलं न्हाई. लावून जावं म्हणलं, तर राहायला ये म्हणून कुणी बोलवलंच न्हाई."

बायकोनं त्यांच्या पानात भज्जी वाढली, वर एक उंडा कुस्करला आणि जेवायला बसवलं.