बटणावरचं कुंकू

२००९ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो. आज दसऱ्याले बायको नातीच्या लॅपटॉपले कुंकू लावू लागली, अन् मी ओरडलो, "बटणाले नको!"

२००९ च्या त्या दिवशीही दसराच होता. दुसऱ्या दिवशी माझ्या पोरीची, मालीची, साकोलीले कॉम्प्युटरची परीक्षा होती, अन् सरावाचा जुना मॉनिटर चालूच होईना. मी वायर काढून घातली, दुसऱ्या बोर्डात लावली, दोन थापडा हाणल्या. झेंडूचा वास तेवढा येत होता, काच काळीच.

"बाबा, दुकानात नेऊ ना," माली रडकुंडीले आली.

"कायले? जनम गेला माग चालवण्यात, हा डबा मले शिकवून राहिला का?"

तेवढ्यात बोटाले लाल लागलं. बायकोनं मागासोबत मॉनिटरचीही पूजा केली होती. ओला टिळा नेमका बटणावर. तो वाळून बटण आतच चिकटलं होतं. मी बायकोवर ओरडलो.

"पोरीसाठीच पूजलं ना मी!" ती उलट माझ्यावरच भडकली.

मी सुईनं कुंकू कोरलं. बटण खटकन उठलं, काच उजळली, तिच्याजवळच्या माझ्या हातावरचे केस करंटानं उभे राहिले. माझा राग तरी उतरेना. आज वाटते, तिचा टिळा अन् माझ्या थापडा, सारं मालीसाठीच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंकू मालीच्या कपाळाले लावलं, अन् सायकलवर बसवून तिले बसपर्यंत सोडून आलो.