कढीपत्त्याच्या कुंडीतला तुकडा

जंतूंचा एवढा लाड करणारा माणूस सबंध बदलापुरात दुसरा नसेल. आमच्या कुळगावच्या घरी वरच्या खोलीत तो सहा वर्षं भाड्याने राहिला. चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा, अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. रविवारीसुद्धा अर्ध्या जेवणावरून उठायचा. कुठे म्हणून विचारलं तर, "मावशी, ते उपाशी आहेत." ते म्हणजे जंतू. त्यांच्या अंगात याने दुसऱ्या कुठल्या जंतूचा गुण घातला होता. उसाची साखर खाऊन ते पोटात प्लास्टिक साठवत, आपण चरबी साठवतो तसं. स्वतःच्या चहात मात्र साखर घालायला विसरायचा. मी चौथी शिकलेली. म्हटलं, "प्लास्टिकने नदी भरली, आणि तू आणखी बनवतोस?" तो रागावला नाही. "हे मातीत विरतं," म्हणाला.

ते दाखवायला त्याने माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत आपल्या प्लास्टिकचा तुकडा पुरला, शेजारी दुधाची रिकामी पिशवी. वर्षभर हात लावायचा नाही. घरच्या साध्या मातीत विरलं तरच आपली इतक्या वर्षांची मेहनत खरी, असं त्याचं म्हणणं. कामावर जाताना रोज कुंडीपाशी वाकायचा, आजाऱ्याची चौकशी करावी तसा. मी एकदा तांदळाचं धुवण ओतलं, तर दोन दिवस बोलला नाही. त्याचाच हात उकरायला गेला की मी फटका मारायची. "पेरलेलं उकरून बघतात का रे?"

आठव्या महिन्यात कारखान्याच्या मालकाने ते काम बंद केलं. जंतू वाफेच्या भांड्यात घालून मारायचे होते. ते त्याने स्वतःच केलं. त्या दिवशी जेवला नाही. मी ताट झाकून ठेवलं. मग गुजरातेत नोकरी मिळाली. जाताना म्हणाला, "चार महिने राहिलेत, मावशी."

चार महिन्यांनी मी कढीपत्ता उपटून बाजूला ठेवला आणि कुंडी पालथी केली. दुधाची पिशवी निघाली. धुतल्यावर अक्षरं वाचता येत होती. त्याचा तुकडा नव्हता. पिठाच्या चाळणीने सगळी माती चाळली. मग फोन लावला.

"काही सापडलं नाही रे."

"नीट बघितलंत?"

"चाळून बघितलं."

मग म्हणाला, "कढीपत्ता पुन्हा लावा. मुळं सुकतील."

लावला. जगला. वरच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. माणसं चांगली आहेत. कुंडीपाशी कोणी वाकत नाही.