ग्रेटाबाईंना दाखवलेली मुलगी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मेधाजवळ तर नाहीच — आणि मेधा माझी बायको आहे. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा.

आधी घराचं सांगतो. ते सोपं आहे.

मिशिगनच्या पश्चिमेला जुन्या डच लोकांची एक वस्ती आहे. निम्म्या पत्रपेट्यांवर ‘व्हॅन’ने सुरू होणारी आडनावं. रविवारी कुणी गवत कापत नाही, संध्याकाळी कुणी पडदे ओढत नाही. तिथलं एक विटांचं जुनं घर ग्रेटाबाई विकत होत्या — एकट्या, विधवा, मुलं लांबच्या राज्यांत. किंमत आमच्या आवाक्यातली. पण माझ्या ऑफिसातल्या एकाने कानात सांगितलं होतं, की बाईंना घरात लहान मूल हवंय. जास्त पैसे देणाऱ्यांनाही त्यांनी परत पाठवलं होतं.

आम्हाला मूल नव्हतं. होत नव्हतं. मेधाने त्यासाठी काय काय सोसलं ते मी सांगत बसत नाही, कारण सोसलं तिने, मी फक्त गाडी चालवली.

त्या आठवड्यात इरा आमच्याकडे होती. तीन तासांवर ट्रॉयला राहणाऱ्या आमच्या मित्रांची, निखिल-प्राजक्ताची मुलगी, पाच वर्षांची. प्राजक्ता दुसऱ्या बाळंतपणासाठी हॉस्पिटलात होती. मेधा तिच्या वेण्या घालायची, तिला वरणभात भरवायची, आणि इरा मेधामावशी, मेधामावशी करत तिच्या मागेमागे असायची. घर बघायला जाताना मीच म्हटलं, तिलाही घेऊ. सहज म्हटलं का? नाही. ठरवून म्हटलं.

ग्रेटाबाईंनी इराला बिस्किट दिलं आणि मेधाला म्हणाल्या, मुलगी अगदी तुझ्यावर गेलीय. मेधा काही बोलायच्या आत मी म्हणालो, हो, सगळे तेच म्हणतात. मेधाने माझ्याकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. मी तिचा दंड धरला होता. जरा जोरातच.

घर मिळालं.

ग्रेटाबाई जवळच वृद्धांच्या इमारतीत राहायला गेल्या, पण कोपऱ्यावरच्या चर्चला दर रविवारी यायच्या. मुलगी कुठे आहे? भारतात, आजी-आजोबांकडे. हे वर्षभर चाललं. मग शेजारीही विचारायला लागले, शाळेत कधी घालणार, परत कधी आणणार. मला कंटाळा आला — खरंच, दुसरं कारण नाही. एका शनिवारी मी अंगणातली पानं गोळा करत होतो, ग्रेटाबाई फाटकाशी थांबल्या, त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी दाताळं न ठेवताच म्हणालो, ती गेली. पुण्यात. ताप आला होता.

एका वाक्यात काम झालं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून परत आलो तर ओट्यावर झाकलेली भांडी, शेजाऱ्यांनी आणलेली. आत सोफ्यावर मेधा आणि ग्रेटाबाई. मी काय सांगितलंय ते मेधाला त्यांच्याकडूनच कळलं होतं. आणि ती रडत होती — हमसून हमसून, त्या म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवून. इतक्या वर्षांत माझ्यासमोर ती कधी तशी रडली नव्हती. बाई गेल्यावर मी काय म्हणालो असेन? म्हणालो, छान निभावलंस. ती नुसती उठून आत गेली.

इथवरचं मेधाला माहीत आहे. तुम्हाला वाटेल, एवढंच. मलाही एवढ्यावर थांबायला आवडलं असतं.

इरा आता आमच्याकडे कधीच येऊ शकत नव्हती, उघड आहे. मेलेली मुलगी अंगणात सायकल कशी चालवणार? मेधा म्हणाली, मग आपण ट्रॉयला जात जाऊ, दर महिन्याला जाऊ. मला भीती वाटली. बोलता बोलता कधीतरी प्राजक्ताला कळणार, की मी तिच्या जिवंत पोरीला मारून टाकलंय. कुठली आई हे ऐकून घेईल? म्हणून मी निखिलला फोन केला. आवाज खाली आणून सांगितलं, इराला पाहिलं की मेधाला त्रास होतो, डॉक्टर म्हणालेत लहान मुलांपासून लांब ठेवा, तिला हे विचारू मात्र नका, तिला लागेल. भली माणसं ती. त्यांनी विचारलं नाही. व्हिडिओ कॉलही हळूहळू बंद केले.

मेधा वाट बघायची. इराच्या वाढदिवसाला तिने फ्रॉक पाठवला, तर प्राजक्ताचा दोन ओळींचा मेसेज आला. मेधाने मला विचारलं, माझं काही चुकलं का रे? मी म्हणालो, दुसरं मूल झालं की लोक बदलतात. तिला ते पटलं. मग तिने विचारणं सोडलं, आणि मी सुटलो.

ग्रेटाबाईंना जाऊन काही वर्षं झाली. शेजारीही नवे आलेत. आता घर कुणी परत मागणार नाही.

गेल्या महिन्यात निखिलचा फोन आला. इरा आता अठरा वर्षांची, ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलीय. म्हणाला, ‘यार, मेधा आता ठीक आहे का? इराला तिला भेटायचंय. लहानपणीचं तिला आठवतं, मावशी वेण्या घालायची ते. वीकएंडला ड्राइव्ह करून येईल म्हणते.’

मेधा पलीकडे पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज मला ऐकू येत होता. नुसता फोन तिच्या हातात द्यायचा होता.

मी म्हणालो, ‘नको रे. अजून तिला झेपणार नाही.’

मेधाने आतून विचारलं, कुणाचा फोन? मी म्हणालो, ऑफिसचा.